बावीस घरांचा रस्ता

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. त्यांना कुणी सरळ रस्ता दाखवला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. टँकरचे ड्रायव्हर त्यांना वळसा म्हणत. तोंडावर साहेब आणि पाठीमागे वळसा. इतकी वर्षं हे चाललं होतं की नव्यानं कामाला लागलेल्याला ते त्यांचं आडनावच वाटायचं. एकदा बाहेरून आलेल्या पाकिटावर कुणीतरी चक्क 'श्री. वळसे' असं लिहिलं होतं. त्यांनी ते निमूटपणे फोडलं आणि आतलं पत्र वाचायला घेतलं.

काम त्यांचं असं, की आमच्या कंपनीचे टँकर कुठल्या रस्त्यानं आणि किती वाजता जायचे ते ठरवायचं. आता टँकरमध्ये काही दूध नसतं. बर्फाच्या कारखान्यांना लागणारा अमोनिया, पाणी शुद्ध करायचा क्लोरीन आणि दोन-तीन प्रकारचं ॲसिड. अमोनियाचा व्हॉल्व्ह भर वस्तीत सुटला, तर वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूच्या लोकांना पळायला मोजकी मिनिटं मिळतात, आणि म्हातारी माणसं नि पोरं तेवढ्यात पळू शकत नाहीत. नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी ते हे सांगायचे, दरवेळी त्याच शब्दांत आणि आवाज जराही न चढवता. दोन ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. वळसेसाहेब म्हणाले, बरं झालं.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलाला एकोणीस वर्षं बसले. गाडी कुठली, माल कुठला, रस्ता कुठला, कितीला निघायचं, कितीला कुठून जायचं, हे सगळं ज्या कागदावर असतं त्याला ट्रिपशीट म्हणतात, आणि ती काढणं माझं काम. संगणक येऊन जमाना झाला, पण मी अजून टायपिस्टबाईच.

त्यांची मोजायची तऱ्हा त्यांची स्वतःची होती. वर्षातून एकदा प्रत्येक रस्ता ते पायी चालायचे. बरोबर एक लांबट वही, तिच्यात तीन रकाने: सकाळ, दुपार, संध्याकाळ. सरकारी यादीतली लोकसंख्या आणून दिली तर ते ती बाजूला ठेवायचे. म्हणायचे, "यादीत माणूस झोपतो तिथं दिसतो. मला तो पावणेबाराला कुठं असतो ते हवंय." शाळा कितीला सुटते, कारखान्याची पाळी कधी बदलते, दवाखान्यात कुठल्या वारी गर्दी असते, उतार कुठे आहे, विहीर रस्त्यापासून किती पावलांवर आहे, सगळं त्या वहीत. मग त्यातून रस्ता निघायचा, आणि तो नेहमी लांबचाच निघायचा. ड्रायव्हर करवादायचे. मोठे साहेब डिझेलच्या नावानं बोटं मोडायचे. हे मात्र ढिम्म.

कालव्याचा रस्ता हे त्यांचं सगळ्यात मोठं काम. चौदा वर्षांपूर्वीपर्यंत अमोनियाची गाडी गावातून, बसस्टँड आणि मोठ्या दवाखान्याच्या मधून जायची. त्यांनी भांडभांड भांडून ती कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर नेली. अकरा किलोमीटर जास्त, पण तिथं उण्यापुऱ्या बावीस घरांची वस्ती. वेळ ठरवली पावणेबाराची, कारण तेव्हा त्या रस्त्यावर कुत्रंही नसायचं. टँकरसाठी म्हणून रस्ता पक्का झाला, रुंद झाला, दिवे लागले. आम्ही सगळे तेव्हा खूष होतो. पक्का रस्ता आणि दिवे दिसले की माणूस तिथं घर बांधायला येतो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पाच वर्षांपूर्वी त्यांची बायको अंथरुणाला खिळली. एका बाजूनं सगळं अंग गेलं. सकाळी तिचं सगळं करून ते ऑफिसला यायचे, दुपारी जेवायच्या सुट्टीत घरी पळायचे, तिला भरवून परत यायचे. त्या वर्षी आढाव्याचे दिवस आले तेव्हा ते वही घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. म्हणाले, "ताई, कालव्याचे आकडे गेल्या वर्षीचेच घ्या. तिथं काय बदलणार आहे."

मी घेतले. बावीस घरं, एक्याऐंशी माणसं.

दीड वर्षानं ती बाई गेली. त्यानंतर साहेबांचा गुडघा गेला, आणि खरं सांगायचं तर कामावरचं मनही गेलं. गावातले रस्ते ते कसेबसे चालायचे, पण कालवा लांब होता आणि बस तिथं जात नव्हती. दुसऱ्या वर्षी पुन्हा बावीस घरं, एक्याऐंशी माणसं. तिसऱ्या वर्षी तेच, आणि चौथ्या वर्षीही. मला काय कळत नव्हतं? चार वर्षांत एक म्हातारं मेलं नाही की एक मूल जन्मलं नाही, अशी वस्ती जगात कुठं असते का! पण मी कानाडोळा केला. दमलेल्या माणसाला आणखी दमवायला जीभ रेटत नाही. शिवाय मीही दमलेलीच होते. वरची तारीख बदलायची आणि कागद पुढं सारायचा, यात माझंही काम वाचत होतं.

त्यांना एकच मुलगी. लग्न होऊन दूरच्या गावी. बाबा एकटे पडले म्हणून तिनं नवऱ्याला बदली मागायला लावली आणि घर शोधायला लागली. एके दुपारी तिचा फोन आला. मी समोरच होते, तिचा आवाजही मला ऐकू येत होता.

"बाबा, कालव्याच्या रस्त्याला नवीन घरं होतायत. कसा आहे तो भाग?"

आमच्याकडे एक पक्का दंडक आहे. कुठला माल कुठल्या रस्त्यानं जातो, हे ऑफिसच्या बाहेर बोलायचं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. कुणाच्या मनात काही वाईट असलं तर त्याच्या हाती आयती माहिती जायला नको म्हणून. साहेबांनी तो उभ्या जन्मात मोडला नव्हता.

"मोकळा आहे," ते म्हणाले. "वस्ती फार नाही. शांत आहे."

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे बघेनात. मीही ट्रिपशीटवरचा टायपिंगचा दोष शोधत बसले, जो नव्हता.

ती राहायला आली आणि महिन्याभरात, आमच्या ऑफिसला सुट्टी असलेल्या एका शनिवारी तिनं आम्हा दोघांना चहाला बोलावलं. मला का, तर आईच्या आजारपणात मी दोन-चारदा डबा नेऊन दिला होता, हे ती विसरली नव्हती. आम्ही रिक्षानं गेलो. कालव्याचं वळण आलं आणि साहेब एकदम सरळ बसले. मग त्यांनी बाहेर डोकं काढलं. दोन्ही बाजूंना घरं, घरांवर घरं. एक भलीमोठी पत्र्याची शेड, आत शिवणयंत्रांचा खडखडाट. पुढं बालवाडी, तिच्या भिंतीवर रंगवलेले हत्ती. रिक्षावाल्याला त्यांनी विचारलं, "हे कधी झालं हो?"

"काय कधी झालं?" तो म्हणाला. "मी आलो तेव्हापासून आहे."

मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर, अगदी रस्त्याच्या तोंडाशी. स्वच्छ, उजेडाचं. नात चार वर्षांची, सगळे तिला छोटी म्हणत. ती अजून बालवाडीत जायला लागली नव्हती. आम्ही गॅलरीत बसलो. चहा आला. साडेअकरा वाजून गेले आणि खालच्या फाटकापाशी आया जमायला लागल्या. बालवाडी सुटायची वेळ झाली होती.

आणि मग आमची गाडी आली. पांढरा टँकर, पुढं केशरी पाटी. पावणेबाराला दोन मिनिटं कमी. वेळेवर. आयांनी पोरांना हाताला धरून कडेला घेतलं, टँकर त्यांच्या चपलांपासून हातभर अंतरावरून गेला, आणि ड्रायव्हरनं वर बघून एक बारीकसा हॉर्न दिला.

"हिच्यासाठी देतो तो," मुलगी हसून म्हणाली. "रोज हात करते ना त्याला. पाण्याचा टँकर असेल, नाही का बाबा?"

साहेबांनी कप बशीत ठेवला. मग बशीसकट तो खाली फरशीवर सरकवला. छोटी गजांतून हात बाहेर काढून हलवत होती. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मला लाज वाटली. माझ्याच हातानं टाइप केलेल्या वेळेला ती गाडी आली होती.

परतीच्या रिक्षात मी विचारलं, "साहेब, तिनं फोन केला होता तेव्हा तुम्हाला वाटलं नाही का काही?"

"वाटलं होतं," ते म्हणाले. "बाविसाची तेवीस होतील, असं वाटलं होतं. एका घरानं काय होतंय." मग म्हणाले, "नवीन घरं होतायत म्हणाली, तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता. माझा माझ्या वहीवर विश्वास होता हो, ताई."

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. मोठे साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्यामागे वरून डोकं खाणारे चौघेजण आहेत इतकंच. ते म्हणाले, "अहो, आढावा आठ दिवसांवर आलाय. तुमचे निवृत्तीला पाच महिने राहिलेत. कशाला उकरून काढताय?"

"नियम पाचशेचा आहे. त्या पट्ट्यात पाचशेच्या वर माणसं असली तर हा माल तिथून नेता येत नाही."

"वेळ बदला की मग."

"कुठली बदलू? दिवसभर शिवणाची शेड भरलेली, संध्याकाळी घरं भरलेली."

"आणि पर्याय?"

"खाणीचा रस्ता. तेवीस किलोमीटर जास्त. दुसरा ड्रायव्हर लागेल."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमची मुलगी तिथं राहायला आलीये ना? लोक काय म्हणतील माहितीये? चार वर्षं रस्ता मोजला नाही, आणि पोटची पोर राहायला आली तेव्हा बरा पुळका आला."

"बरोबरच म्हणतील," वळसेसाहेब म्हणाले.

मग मोठ्या साहेबांनी मोजणीच्या अर्जावरचं कलम दाखवलं. मोजणाऱ्याचा नातेवाईक त्या रस्त्यावर राहत असेल तर एकट्याची मोजणी चालत नाही, ऑफिसातल्या दुसऱ्या कुणीतरी सोबत वेगळी मोजणी करून सही करावी लागते. "कोण येणार आहे तुमच्याबरोबर उन्हात?" त्यांनी विचारलं.

मी बाहेरूनच म्हटलं, "मी जाते." म्हटलं खरं, आणि लगेच पायांचा विचार आला.

दोन दिवस चाललो. दोघांच्या वेगळ्या वह्या, एकमेकांच्या वहीत बघायचं नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ. त्यांचा गुडघा सुजून टम्म झाला. दर चार घरांनंतर ते कुणाच्या तरी ओट्यावर बसत. घरातली बाई पाणी आणून देई आणि विचारी, "कसली मोजणी हो काका? काही मिळणार आहे का?" ते म्हणत, "नाही. काही मिळायचं नाही." शिवणाच्या शेडमध्ये एकशे नव्वद बायका. त्यांच्यातल्या एकीनं मला स्टूल दिलं आणि म्हणाली, बसा हो, आम्ही कुठं पळून जात नाही. ती बिचारी सहज म्हणाली. मी वहीत एकशे नव्वद लिहिलं.

मुलीच्या घरापाशी आलो तेव्हा साहेब खालीच थांबले. मी वर गेले, रात्रपाळी करून आलेला जावई आत झोपला होता, पाणी प्यायले, वहीत लिहिलं: तीन.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात बेरजा केल्या. वाटेनं येणारे-जाणारे सोडून नुसती घरं, शेड आणि बालवाडी धरायची. पावणेबाराचा रकाना. माझे झाले सहाशे चौदा. त्यांचे सहाशे अकरा. एकेक घर ताडून बघितलं, सगळी जुळत गेली, आणि एका घरापाशी त्यांच्या वहीत नुसती आडवी रेघ होती.

"साहेब, इथं तीन माणसं आहेत."

"ती माझी आहेत," ते म्हणाले. "ती धरू नका. त्यांना वगळूनही पाचशेच्या वर जातो ना आकडा? बास. ती नसती तरी हा रस्ता बंदच करायला हवा होता, एवढं कागदावर दिसू दे."

त्या माणसानं सगळ्या रस्त्याची माणसं मोजली होती, आणि स्वतःचीच तेवढी बाहेर ठेवली होती, कारण त्यांना मध्ये घालायचा हक्क आपल्याला उरला नाही असं त्याला वाटत होतं. मला रडूही आलं आणि रागही आला. "छोटीला गाडी काय वगळून जाणार आहे का?" मी म्हटलं आणि सहाशे चौदा टाइप केलं. त्यांनी अडवलं नाही.

खाली त्यांनी एक ओळ घालायला सांगितली. 'मागील चार वर्षांचे आकडे प्रत्यक्ष मोजणी न करता आदल्या वर्षावरून उतरवले आहेत.' ती टाइप करून मी तिच्याखाली आणखी एक घातली: 'ही बाब टायपिस्टच्या लक्षात आली होती.' त्यांनी वाचलं.

"हे कशाला, ताई?"

"मोजायला निघालोय ना सगळं? मग हेही धरा."

आढाव्याला बाहेरून एक अधिकारीबाई आल्या. त्यांनी दोन्ही वह्या चाळल्या, ती आडवी रेघ बघितली, काय आहे ते विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर सहाशे चौदाभोवती गोल केला. कालव्याचा रस्ता बंद करायचा ठरला. खाणीच्या रस्त्याची मंजुरी यायला तीन आठवडे लागले. तोवर ती गाडी रोज कालव्यावरूनच जात होती, आणि रोज पावणेबाराला साहेब खुर्चीतून उठून खिडकीशी उभे राहत. आमच्या खिडकीतून गोदामाची भिंत दिसते. बारा वाजून गेले, फोन वाजला नाही, की मग परत येऊन बसत.

त्यानंतर मला लेखी ताकीद मिळाली. त्यांना रस्त्यांच्या कामावरून काढून उरलेल्या महिन्यांसाठी भांडारात बसवलं. रबरी हातमोजे, तोंडाला लावायचे मास्क, व्हॉल्व्हचे वॉशर यांचा हिशेब ठेवायचा. ड्रायव्हर म्हणाले, जाता जाता वळशानं शेवटचा वळसा घातलाच. त्यांच्यातले दोघे मात्र भांडारात जाऊन त्यांना चहा देऊन आले.

मुलीला त्यांनी आढाव्याच्या संध्याकाळीच स्वतः जाऊन सांगितलं होतं. दंडक मोडून सांगितलं, पाण्याचा टँकर नाही तो, म्हणून. ती काय म्हणाली ते मला त्यांच्याकडूनच कळलं. ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा." तेवढंच. मग महिनाभर तिचा फोन नाही. तिनं छोटीला घेऊन नवऱ्याच्या बहिणीकडे मुक्काम हलवला होता.

खाणीच्या रस्त्यावरून गाडी गेली त्या गोष्टीला आठवडा झाला असेल. मी भांडारात ट्रिपशीटची प्रत द्यायला गेले होते. हातमोजे मोजून झाले होते आणि ते पुन्हा मोजत होते. तेवढ्यात फोन वाजला. त्यांना आता ऐकू कमी येतं, त्यामुळे ते फोनचा आवाज मोठाच ठेवतात.

"बाबा, गाडी बंद झाली असं शेजारीण म्हणाली, म्हणून आम्ही घरी परत आलोय. गाडी आली नाही आज. कालही नाही. छोटी वाट बघत होती."

"नाही येणार आता."

तिनं छोटीला आत जायला सांगितलं. मग म्हणाली, "मग आता कुठून जाते?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

"ते सांगता येत नाही, बाळा."

"तेव्हाही सांगता आलं नव्हतं."

"हो."

"तिथं कुणी राहतं का?"

"सदतीस माणसं. खडी फोडणारी. सात पोरं आहेत त्यांच्यात," ते म्हणाले. गुडघ्यावर हात ठेवून ते सावकाश खुर्चीत बसले. "या वेळी चालत जाऊन आलोय मी. दोनदा."

मग ती म्हणाली, "रविवारी जेवायला या." त्यांनी हो म्हटलं, फोन ठेवला, आणि हातमोज्यांचा गठ्ठा पुढं ओढून पहिल्यापासून मोजायला घेतला.